सॉफ्टला दुसरा शब्द

समोर एक लाकडी पेटी आहे असं समजा. तिला मनगट जाईल एवढं भोक, भोकावर काळा पडदा. आत हात घाला. टॉवेलचा तुकडा लागेल. तो कसा आहे ते एका शब्दात सांगा, फक्त ‘सॉफ्ट’ म्हणायचं नाही. ‘मऊ’ म्हणालात? ठीक. आता पुढचा तुकडा. हाही मऊच आहे, पण तसा नाही. मग कसा?

इथे बहुतेक जण हात बाहेर काढून स्वतःच्याच बोटांकडे बघतात. मीही बघितलं होतं.

आमच्या गिरणीच्या तपासणी विभागात मी यंत्रं सांभाळते. कापड दाबायचं, वाकवायचं, आकडा काढायचा. पण आकडा बघून कुणी टॉवेल विकत घेत नाही. पूर्वी सगळ्याच मालावर ‘सॉफ्ट’ छापलेलं असायचं. चादर सॉफ्ट, दुपटं सॉफ्ट, पायपुसणंसुद्धा सॉफ्ट. मग आमच्या विभागप्रमुख मॅडमनी ठरवलं, आपल्या भाषेतले शब्द शोधायचे आणि ज्या कापडाला जो शोभेल तो छापायचा. त्यासाठी पेटीपाशी बायका बसवल्या. गिरणीत त्यांना ‘हात’ म्हणतात. “आज एक हात रजेवर आहे,” असं कुणी म्हणालं की नवा माणूस दचकतो.

रीत अशी, की पहिला हात कापड चाचपून शब्द सांगतो. दुसऱ्या हाताला तेवढा शब्द कळवायचा आणि बरेच तुकडे भरलेली पेटी पुढे ठेवायची. त्या शब्दावरून तिने तोच तुकडा बाहेर काढला, तर शब्द पास.

पहिल्या खुर्चीवर थोरली बसायची. तिचं खरं नाव हजेरीपटातच. घरातली थोरली सून म्हणून गिरणीतही थोरली. ‘तलम’ तिनेच आणला आणि वर दटावलंही, “जाड कापडाला तलम म्हणाल तर याद राखा.” नरम दाबून कळतं आणि मुलायम हात फिरवून, हेही तिनेच आम्हाला शिकवलं. मऊसूत म्हटलं की आधी धुवून धुवून वापरलेलं आठवलं पाहिजे, असं ती म्हणायची. लेबलावर तिचा शब्द छापून आला की ते लेबल ती पाकिटात जपून ठेवायची.

हातांना एक नियम होता. भांडी घासायची नाहीत, साबणात हात बुडवायचे नाहीत. थोरलीने तो मनापासून पाळला. घरची भांडी, धुणं, फरशी सगळं धाकट्या जावेकडे गेलं. “माझा नाइलाज आहे बाई, हात म्हणजे आमची भाकरी,” असं म्हणत ती बोटांना तेल चोळत बसायची.

आणि एक दिवस धाकटीच गिरणीत आली. थोरली घरी विसरलेला चष्मा द्यायला. पेटीपाशी एक खुर्ची रिकामी होती. मॅडम सहज म्हणाल्या, “बसा, गंमत म्हणून सांगा बरं.” धाकटीने हात घातला आणि म्हणाली, “गुबगुबीत.”

सगळ्या हसल्या. पण पलीकडच्या हाताने दुसऱ्याच क्षणी बरोबर तुकडा काढला. मॅडम हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात ती खुर्ची धाकटीची झाली.

“गुबगुबीत म्हणे,” जेवणाच्या सुट्टीत थोरली मला म्हणाली. “उद्या गोंडस म्हणेल. टॉवेल आहे का बाळ?”

“पण ताई, तुकडा सापडला ना.”

“सापडला. आंधळ्याच्या हातीसुद्धा कधी तरी ससा लागतो.”

तो नंतर रोजच लागायला लागला. भुसभुशीत, लुसलुशीत, एकदा तर सैलसर. दर वेळी तुकडा बाहेर. थोरलीच्या पोटात दुखू लागलं ते तिथून. धाकटीचा शब्द पास झाला की ती उगीच पेटीचा पडदा नीट करायची. लेबलं पाकिटात ठेवायची तिने बंद केली, कारण आता त्यांतली निम्मी जावेची होती. त्यात मॅडमनी जाहीर केलं, की नव्या मालाचे शब्द झाले की पहिली खुर्ची कुणाची ते बघू. थोरलीला रात्रंदिवस तेवढंच दिसू लागलं. ती खुर्ची, आणि खुर्चीत धाकटी.

घरात वेगळाच पेच होता. तो मला दोघींकडून दोन तऱ्हांनी कळला. दोघीही हात झाल्यावर भांडी कुणी घासायची? सासूबाई म्हणाल्या, “आता भिंत घासेल.” दोन्ही भाऊ वर्तमानपत्रात शिरले. तेव्हा थोरली उठली आणि पदर खोचून म्हणाली, “मी घासते.”

धाकटी मला सांगत होती, “ताईंना माझी दया आली असेल. कढईसुद्धा हातातून ओढून घेतात.”

थोरलीचं गणित निराळंच होतं. “तिची बोटं खरखरीत आहेत, कळलं ना? म्हणून धागा न् धागा तिला लागतो. माझी पडली लोण्यासारखी, सगळ्यावरून नुसती घसरतात. घासून घासून तिच्यासारखी करते की नाही बघ.”

“नियम आहे ताई.”

“नियम तिला कुठे होता इतकी वर्षं?”

 घरी सासूबाईंनी मात्र सुनावलं. “आजवर भांड्याला बोट लावलं तर हात झडतील म्हणायचीस. आता काय, नवे उगवणार आहेत?” थोरलीने कढई आणखी जोरात घासली.

नव्या मालातला शेवटचा नमुना बाळांच्या टॉवेलचा होता. माझ्या यंत्रावर त्याच्याइतकं मऊ दुसरं काही निघालं नव्हतं. थोरलीने पेटीत हात घातला. बोटांची टोकं भेगाळली होती. टॉवेलच्या धाग्यांचे बारीक वळसे त्यांत अडकले. तिने हात ओढला, पुन्हा फिरवला आणि ठामपणे म्हणाली, “खरबरीत.”

 मॅडमनी तुकडा बाहेर काढून तिच्यासमोर ठेवला. वर एक धागा उपसून आला होता. कापड खरबरीत नव्हतं. थोरलीला तिचीच बोटं लागली होती.

मग तुकडा परत पेटीत गेला आणि बाहेर थांबलेल्या धाकटीची पाळी आली. तिने बराच वेळ हात आत ठेवला. “कोवळं,” ती म्हणाली.

रीतीप्रमाणे तुकडा काढायला दुसरा हात हवा होता, आणि तेव्हा मोकळी होती ती फक्त थोरली. तिने भरलेल्या पेटीत हात घातला. भेगा होत्याच. ती बोटांच्या मागच्या बाजूने, पेरांवरून कापडं चाचपत राहिली. मधेच थांबली, परत मागे गेली. तिने चुकीचा तुकडा काढला असता तर शब्द पडला असता, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने हात बाहेर काढला. हातात बाळांचाच टॉवेल होता.

खुर्ची धाकटीला मिळाली. ती “ताई, तुम्हीच बसा ना” म्हणायला लागली, तर थोरली म्हणाली, “बस गं. नाटकं नकोत.”

संध्याकाळी फाटकापाशी मी तिला गाठलं. “ताई, दुसरा तुकडा काढला असता तर?”

“तर एका दिवसात दोनदा चुकले असते. तिच्यासमोर?” तिने भेगाळलेले हात पिशवीखाली घेतले. “शब्द ऐकला आणि हाताला कळलंच. मला राग त्याचाच आला.”

धाकटी पुढे चालली होती, मागे वळून आमची वाट बघत होती. थोरली तिच्याकडे बघत राहिली.

“भेगा पाडून काही मिळालं नाही. तिचे शब्द बोटांतून येतच नव्हते,” ती म्हणाली. “मला एक सांग, तू शिकलेली आहेस. लग्न होऊन आली तशी ही आमच्याकडे चुलीपाशी आणि मोरीपाशीच आहे. मूल नाही, माहेर नाही. मी तर धड दोन शब्द गोड बोलले नाही कधी. मग ‘कोवळं’ कसं लागतं हे हिला कुणी दाखवलं?”