अप्पांचा झिजलेला दारा

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. नव्यानंच लग्न होऊन मी माहेरपणाला आले होते. लेकीला साडी घ्यावी, गोडधोड खाऊ घालावं, हे इतरांच्या बापांचं झालं. आमचे अप्पा म्हणाले, "चल, तुला जुने दगड दाखवतो."

अप्पांचं भुसाराचं दुकान. पण दुकान बंद असलं की त्यांचे पाय कुठल्यातरी पडक्या देवळाकडे वळायचे. पूजेला नव्हे बरं का! "आपला देव गळ्यात हाय. देवळात मी बांधकाम बघायला जातो," असं ते येईल त्याला ऐकवत. आम्ही लिंगायत. ज्याचं त्याचं लिंग चांदीच्या लहानशा डबीत, आणि ती डबी गळ्यात घालायला सुताचा दोरा. त्याला आम्ही शिवदारा म्हणतो. आंघोळ करून ते लिंग तळहातावर घेऊन पुजल्याशिवाय अप्पा पाण्याचा थेंब घेत नसत. आणि लिंग हरवलं तर माणूस जिता असून मेल्यात जमा, असं जुनी माणसं मानत. अप्पा तर फारच मानत.

एवढं असून त्यांचा दारा झिजून झिजून चिंधी झाला होता. अव्वा, म्हणजे माझी आई, दिवाळीपासून कानीकपाळी ओरडत होती, "अहो, दारा बदला." "बदलू की," हे अप्पांचं ठरलेलं उत्तर.

मंद्रूपच्या बाजूला काकांचं गाव. तिथं मुक्काम करून पहाटे काकांच्या गाडीवानानं बैलगाडी जुंपली आणि अप्पा, अव्वा आणि मी आडवाटेनं भीमा-सीनेच्या संगमाकडे निघालो. वाटेत दगड बघत जायचं, संगमावर अप्पांनी आंघोळ-पूजा करायची, मग सगळ्यांनी जेवायचं, असा बेत. दोन्ही बाजूंना शाळू हुरड्यात आलेला. घाई कुणालाच नव्हती, बैलांना तर मुळीच नाही.

पहिला थांबा गावाच्या शिवेवरचा वीरगळ. अप्पांनी दगडाला मिठी मारल्यासारखं धरून धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली. "हे बघ पोरी. खाली चोर गाई पळवून नेतायत. मधे हा गडी लढून पडला. आणि वर बघ, स्वर्गात पिंडीपुढं बसलाय."

"आणि त्याची बायको?" अव्वानं गाडीतूनच विचारलं.

"ती न्हाय कोरली."

"कशाला कोरतील! बसली असंल घरी वाट बघत."

पुढं एक बारव लागली. आतल्या कोनाड्यातली मूर्ती दिसावी म्हणून अप्पा काठावर पालथे पडून निम्मे आत वाकले. "पडा आता, म्हणजे हौस फिटंल," अव्वा म्हणाली; पण त्यांच्या धोतराचा काचा तिनं मुठीत घट्ट धरून ठेवला होता. संगमावरचं देऊळ तेव्हा निम्मं मातीत गेलेलं. अप्पा सरपटत आत शिरले आणि मिशा धुळीनं पांढऱ्या करून, लग्नातल्या नवरदेवासारखे खूश होऊन बाहेर आले. मला हसू आवरेना.

मग आंघोळीसाठी त्यांनी बंडी काढली. हात सवयीनं गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला.

"डबी न्हाय," ते म्हणाले.

बंडी झटकली, धोतर झटकलं. तुटका दारा तेवढा बंडीत मिळाला. अप्पा वाळूतच बसले. मला वाटलं, आता अव्वाच्या तोंडाचा पट्टा सुटणार. कसचं काय! तिनं सोडलेली भाकरीची दुरडी पुन्हा बांधली आणि म्हणाली, "उठा. आल्या वाटेनं बघत जाऊ."

अव्वाची पूजा पहाटेच झाली होती. तिनं खाल्लं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. मी तांब्या पुढं केला, तर मानेनंच नको म्हणाली. मग मीही तांब्या तसाच खाली ठेवला.

देवळातली माती हातांनी चाळली. बारवेच्या पायऱ्या गाडीवानानं पार पाण्यापर्यंत बघितल्या. गाडीत कुणी बसेना. बैल रिकामी गाडी ओढत पुढं आणि आम्ही माना खाली घालून मागं. ऊन डोक्यावर आलं, कललं. अप्पांचे ओठ कोरडे पडले. "मी मरायला भीत न्हाय गं," ते मला हळूच म्हणाले, "पण असं त्याच्यावाचून मरायचं?"

शिवेजवळ अव्वा आमच्यापुढं निघून गेली आणि वीरगळापाशी थबकली. "अहो, हिकडं या!"

डबी वीरगळाच्या पायाशी होती. कुणीतरी ती मातीतून उचलून, पुसून, दगडापुढं नीट ठेवली होती आणि तिच्यावर तरवडाची पिवळी फुलं वाहिली होती. वाटेनं जाणाऱ्या कुणा बाईला देव सापडला असावा. तिनं घरी नेला नाही, पुजला आणि गेली. कोण ती, कधीच कळलं नाही. तिचं कल्याण होवो!

दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नसतो, म्हणून अव्वा नुसती उभी होती. अप्पांनी डबी उचलून छातीशी धरली आणि ते लहान मुलासारखे रडले. तेवढ्यात अव्वानं पदराची गाठ सोडली. आत नवाकोरा शिवदारा. दिवाळीपासून बाई तो पदरात बांधून फिरत होती.

तिथंच वाटेकडेला तांब्याभर पाण्यानं आंघोळ झाली, पूजा झाली. मग कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. अप्पांनी शेवटचा घास घेऊन पाणी पिईपर्यंत अव्वा गप्प होती. आणि मग जी सुरू झाली, ती गाव येईपर्यंत थांबली नाही! अप्पा मान डोलावत, हसत ऐकत होते.

बऱ्याच वर्षांनी अप्पा गेले. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून. स्वामी ते ठेवायला वाकले, तशी इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली अव्वा उठून पुढं आली.

"थांबा," ती म्हणाली. "दारा नवा घाला. ह्यांचा काय भरवसा न्हाय."

आणि पदराची गाठ सोडू लागली.