केळ्यांचं गाणं आणि माझं सात मिनिटांचं निवेदन

आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष गेल्या हिवाळ्यात चार दिवसांच्या क्रूझवर गेले आणि कॅरिबियन संस्कृतीचे जाणकार होऊन परत आले. जहाजाच्या डेकवर फुलाफुलांचे शर्ट घातलेल्या वेटरांनी केळ्यांचं एक गाणं म्हटलं, यांनी त्यावर कंबर हलवली आणि वहिनींनी व्हिडिओ काढला. एवढ्याशा भांडवलावर उन्हाळ्यातल्या वार्षिक कार्यक्रमाचा विषय ठरला, 'श्रमगीतं जगाची'. समितीतल्या आठ जणांपैकी एकानेही गेल्या वीस वर्षांत लॅपटॉपच्या बॅगेपेक्षा जड काही उचललेलं नसेल. पण विषय श्रमाचा.

मी समितीत नव्हते. त्या लोकांबरोबर बसून समोशांचे डबे किती मागवायचे यावर दोन तास घालवण्याइतका माझा जीव स्वस्त नाही. निवेदन मात्र माझंच. टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्को गावात मराठी कार्यक्रम म्हटला की निवेदन माझं, हे पंधरा वर्षांपासून ठरलेलं आहे. आपल्या लोकांना नुसतं गाणं चालत नाही. गाणं तीन मिनिटांचं, आणि त्याआधी ते कसं ऐकायचं हे सांगणारं माणूस पाच मिनिटांचं. या पद्धतीला मी कितीही नावं ठेवली तरी माझी जागा तिच्यामुळेच आहे, हेही सांगून टाकते.

तालमीला गेले तर शाळेच्या कॅफेटेरियात अकरा मुलं पिवळ्या सॅटिनमध्ये उभी होती. डोक्यावर ऑनलाइन मागवलेल्या केळ्यांच्या टोप्या. नाच बसवणाऱ्या बाई झुंबा शिकवतात, त्यामुळे बंदरातले हमाल झुंबा करत होते. मी एका मुलीला विचारलं, "हे गाणं कशाबद्दल आहे, माहीत आहे का तुला?"

"लाइक... बनानाज?" ती म्हणाली.

बाई हसल्या. "काकू, मुलांना एवढं डीप नको ना. जस्ट फन ठेवू या. तुमचं निवेदन पण जरा अपबीट करा ना, प्लीज."

अपबीट! घरी येईपर्यंत गाडीत मी एकटीच त्या शब्दाला शिव्या देत होते.

खरं सांगायचं तर त्या गाण्याबद्दल मलाही तेव्हा काडीचं माहीत नव्हतं. बेसबॉलच्या मैदानावर भोंग्यावर त्याची पहिली हाक वाजते आणि हजारो माणसं हातात बिअर घेऊन उत्तर देतात, एवढीच माझी ओळख. आणि ज्या बाईला माहीत होतं ती रोज सकाळी आठ वाजता माझ्याच घरी येत होती.

माझ्या सासूबाईंना जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा पाय गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत जाता आलं नाही तर घरी ठेवणं कठीण, नर्सिंग होम बघा. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, आणि वरणभाताशिवाय दुसरं काही त्यांच्या घशाखाली उतरत नाही. नर्सिंग होममध्ये त्या महिनाभरही टिकल्या नसत्या, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. माझ्या नवऱ्याने यावर उपाय म्हणून व्यायामाचा कागद लॅमिनेट करून फ्रिजवर चिकटवला. पाय हलला नाही. मग घरी येऊन आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या बायका पुरवणाऱ्या एजन्सीने या बाईंना पाठवलं. मूळच्या जमैकाच्या, साठी ओलांडलेल्या, उंच, तोंडाने फटकळ. माझ्या चहाला त्यांनी पहिल्याच दिवशी नावं ठेवली. मला 'मिस' म्हणायच्या आणि सासूबाईंना 'मम्मी'.

त्या मम्मीचे दोन्ही हात धरून उलट्या चालायच्या आणि एक ओळ गायच्या. ओळ त्या दिवशीची असायची. आज टीव्हीवरच्या कोर्टातला जज मूर्ख आहे, आज मिसने पुन्हा भांडी तशीच ठेवली आहेत, असलं काहीही. ओळ संपली की थांबायच्या. सासूबाईंनी उत्तर दिल्याशिवाय पुढची ओळ नाही. काही दिवसांनी सासूबाई उत्तर द्यायला लागल्या, "चल गं बाई, चल." आणि त्या 'चल'वर पाय पुढे पडायचा. एकीचं दुसरीला अक्षर कळत नव्हतं. पलंगापासून बाथरूम चौदा पावलं. मार्चअखेर त्या चौदाही चालल्या. मी शेजारच्या खोलीत बसून कपाळाला आठ्या घालत होते, कारण माझ्या मीटिंगमध्ये त्यांचा आवाज यायचा.

तालमीनंतर मी त्यांना गाण्याबद्दल विचारलं तेव्हा त्या सासूबाईंच्या चादरींच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, "आमची आजी ते काम करायची."

मग जे सांगितलं ते असं. केळ्यांचे घड बोटीत रात्री भरायचे, कारण दिवसा उन्हात माणूसही टिकत नाही आणि माल पिकायला लागतो. घड डोक्यावर घेऊन धक्क्यावरून फळीवर, फळीवरून बोटीत. वाहणाऱ्यांत बायकाही असायच्या. वाटेत एक मोजणारा उभा. एका घडाला फण्या किती ते तो बघायचा, फण्या कमी असल्या तर पूर्ण घड धरायचा नाही. रांगेतली एकजण ओळ टाकायची, बाकीच्या उत्तर द्यायच्या आणि त्या उत्तरावर पाऊल पडायचं. ओळी ठरलेल्या नव्हत्या. कोण कामचुकार आहे, मोजणारा किती खडूस आहे, सगळं त्यात यायचं. उजाडायला आलं की एकच मागणं उरायचं, झालं आता, मोज आणि सोड, घरी जाऊ दे. बोट थांबत नसे, म्हणून बोट भरेपर्यंत माणसांना थांबावं लागे.

नंतर ते गाणं शिकलेल्या गायकांनी उचललं, सभागृहांत गायलं, त्याची तबकडी निघाली आणि ते जगभर गेलं. जाता जाता त्यातला घाम पुसला गेला. लग्नांत, हॉटेलांत, जाहिरातींत ते मौजेचं गाणं झालं.

"आजी म्हणून दाखवायची का?" मी विचारलं.

"कधीच नाही. रेडिओवर लागलं की बंद करायची. म्हणायची, काम नाही तर कामाचं गाणं कशाला? तिची मान शेवटपर्यंत सरळ झाली नाही, मिस."

मी हे सगळं लिहून काढलं. छान लिहिलं. शोषण आलं, वसाहतवाद आला, आपल्या जात्यावरच्या ओव्या आल्या, आणि शेवटी 'उजाडलं तरी ज्यांना घरी जाता येत नाही त्यांचं हे गाणं' असं एक वाक्य आलं. ते लिहून झाल्यावर माझेच डोळे भरून आले. इंग्रजी करून बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाल्या, "लांब आहे. ओझं उचलणाऱ्यांना एवढा दम नसायचा." मला राग आला. यांना साहित्यातलं काय कळतं, असं मनात येऊन गेलं.

कार्यक्रम शनिवारी होता. बाई शनिवारी येत नाहीत, पण मी गळ घातली तेव्हा तयार झाल्या, एका अटीवर. त्यांचा मुलगा ट्रक चालवतो. मेक्सिकोच्या सीमेवरच्या लरेडोहून भाजीपाला भरून उत्तरेला जातो. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता डेंटनजवळच्या ट्रक स्टॉपवर अर्धा तास थांबणार होता. नाताळापासून त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं. "सहाला मला निघायलाच हवं, मिस."

"सहा कशाला, मी साडेपाचलाच घरी असेन," मी म्हटलं. "कार्यक्रम दोनला सुरू होतोय."

दोनचा कार्यक्रम तीन चाळीसला सुरू झाला. याचं आश्चर्य वाटायला मी काही काल इथे आलेली नाही. ऑफिसच्या कॉलला एक मिनिट उशीर झाला तर सात वेळा सॉरी म्हणणारी हीच माणसं मंडळाच्या कार्यक्रमाला दीड तास उशिरा येतात आणि वर विचारतात, "अरे, अजून सुरू नाही झालं?" आधी दीपप्रज्वलन. मग प्रायोजकांचे सत्कार. एका रिअल इस्टेटवाल्याने श्रमाचं महत्त्व सांगितलं. अध्यक्षांनी क्रूझचे फोटो दाखवले, खरोखर दाखवले. पाच वाजून गेले तरी केळी स्टेजच्या मागेच होती.

तेवढ्यात अध्यक्ष माझ्याजवळ आले. "ताई, आपण लेट चाललोय ना, तर निवेदन दोन मिनिटांत रॅप करता येईल का? केळ्यांचं पटकन घेऊन टाकू."

आता हे नीट सांगते. तेव्हा सव्वापाच झाले होते. हॉलपासून माझं घर पंधरा मिनिटांवर. दोन मिनिटं बोलून मी निघाले असते तर पावणेसहाला घरी असते. मला बाईंचा मुलगा आठवला, नाही असं नाही. स्वच्छ आठवला. आणि मी अध्यक्षांना म्हटलं, "वाचेन तर पूर्ण सात मिनिटं. हा त्या माणसांचा इतिहास आहे. तो कापायचा नाही."

"मग शेवटी घ्यावं लागेल हां, बक्षिसांनंतर."

"चालेल," मी म्हटलं.

मनात म्हटलं, ट्रकवाला तर आहे, आईसाठी थांबेल की थोडा. हे मी म्हटलं, जिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की बोट थांबत नसे. नवरा साउंड सांभाळत होता, त्याला घरी पाठवता आलं असतं. पण मग माझा माइक कोणी बघितला असता? फोन पर्समध्ये, सायलेंटवर. 'कृपया मोबाइल बंद ठेवा' ही सूचना मीच स्टेजवरून दोनदा दिली होती.

साडेसात वाजता मी बोलायला उभी राहिले. निवेदन उत्तम झालं. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी रुमाल काढला. शेवटच्या वाक्याला टाळ्या थांबेनात. त्यानंतर केळी नाचली, ती कोणी मनावर घेतली नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "ताई, यू नेल्ड इट." त्या क्षणी मला तो माणूससुद्धा बरा वाटला.

घरी पोहोचले तेव्हा साडेआठ होत आले होते. टेक्सासमधला जून, बाहेर अजून उजेड होता. बाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, पायांत बूट, मांडीवर पर्स. सासूबाई पलंगावर, तोंड पुसलेलं, केस विंचरलेले. सिंकशेजारी एक मोठा डबा धुऊन पालथा घातला होता. सकाळी तो भरलेला पाहिला होता मी. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, मुलासाठी.

"मम्मीला भूक लागली," बाई म्हणाल्या. "फ्रिजमधलं तिखट होतं. हा भात मऊ होता, चांगली जेवली. उरलेलं मी खाल्लं."

"आणि मुलगा?"

"गेला. त्याला माल पोहोचवायचा असतो."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. मी सॉरी म्हटलं. कार्यक्रम कसा लांबला ते सांगितलं. सत्कार, रिअल इस्टेटवाला, क्रूझचे फोटो, सगळ्यांवर खापर फोडून झालं. आणि मग, का कोण जाणे, म्हणाले, "पण लोकांना तुमच्या गाण्याचा इतिहास फार आवडला."

"छान," त्या म्हणाल्या आणि उठल्या. पण लगेच निघाल्या नाहीत. एजन्सीचा नियम आहे, घरच्या माणसाने हो म्हटल्याशिवाय पेशंटला सोडून जायचं नाही. नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं, "मग मी आता घरी जाऊ का, मिस?"

मी हो म्हटलं. पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "चल गं बाई, चल." त्यांना वाटलं, चालायची वेळ झाली.

त्या गेल्यावर मी पर्समधून फोन काढला. त्यांचे पाच मिस्ड कॉल होते, पहिला सहाला पाच मिनिटं कमी असताना. आणि मंडळाच्या ग्रुपवर माझ्या निवेदनाखाली कौतुकाची रांग लागली होती. कॉल किती वाजता आले ते मी नंतर पाहिलं. आधी कौतुक वाचलं, सगळं, शेवटपर्यंत.