कावीळ नव्हतीच ती

आमच्या घराण्यात कावीळ उतरवायची माळ हाय. आज्यापासून आलेली. मुळीचे तुकडे दोऱ्यात गुंफायचे, माळ डोक्यावर ठेवायची. ती रोज सैल होऊन खाली सरकती, बेंबीपर्यंत आली की कावीळ गेली. तेर, वाशीकडनं माणसं येत्यात. म्या चौथीपर्यंतच शिकलो, पण पापणी खाली ओढून बघितली की सांगतो. म्हंजे सांगत होतो.

थोरला लेक ढोकीच्या कारखान्यात फिटर होता. तिथनं आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यात गेला. दोन हंगाम करून परत आला आन् बाराव्या दिवशी तापला. डोकं फुटतंय म्हणं. दुसऱ्या दिवशी डोळं हळदीवानी.

"अप्पा, तिकडं ताप आला की आधी रक्त तपासत्यात. मलेरिया असतोय."

"लई साहेब झालास व्हय? हिवताप म्या बघितलाय. त्यो एक दिवसाआड हुडहुडी भरून येतो. तुझा तर उतरंनाच. आन् डोळं काय म्हणत्यात ते मला कळतंय."

माळ घातली. तेल-तिखट बंद केलं. साऱ्या मुलखाची कावीळ म्या उतरवायची आन् माझाच पोरगा दवाखान्यात न्यायचा? हेच मनात होतं, खोटं कशाला लिहू.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला ओळखलं न्हाय. मलाच म्हणला, "साहेब, बॉयलर थांबवा." लघवी काळ्या चहासारखी. तरी म्या म्हणलो, "माळ आत्ता कुठं गळ्यात आलीय. दोन दिस दम धरा."

सून आजवर माझ्यासमोर मान वर करून बोलली नव्हती. तिनं कात्री आणली आन् माळ कापली.

"तुम्ही दम धरा, मामा. मी ह्यांना घेऊन निघाले."

शेजाऱ्याची जीप तिनं आधीच दारात बोलावली होती. म्या पण चढलो. भांडायलाच चढलो.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. म्या म्हणलो, कावीळ हाय. तिनं सुनेला विचारलं, "गेल्या महिन्यात कुठं होते हे?"

"आफ्रिकेत. येऊन पंधरा दिवस झाले."

बाई ताडकन उठली. बोटाला टोचून रक्त घेतलं, पट्टीवर टाकलं, थोडं काचेवर पसरलं. पट्टीवर रेघ उमटली.

"मलेरिया. मेंदूपर्यंत गेलाय."

"पर एक दिवसाआड..."

"तो वेगळा, आजोबा. हा तसं वेळापत्रक पाळत नाही. रक्तातल्या पेशी फोडतो, म्हणून डोळे पिवळे. तीन दिवस काय करत होतात?"

इतकी वर्षं लोकांनी मला पिवळं डोळं दाखवलं. जी माणसं परत आली न्हाईत, ती बरी झाली असंच म्या धरून चाललो होतो. विचारायला कधी कुणाच्या दारात गेलो न्हाय.

शिरेतनं औषध चालू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकानं पाणी मागितलं आन् मला बघून "अप्पा" म्हणला. म्या बाहेर आलो. सून बाकड्यावर बसली होती.

"तू माझं ऐकलं न्हाईस," म्या म्हणलो. "बरं केलंस."

असं बोलायची मला सवय न्हाय. ती बावचळली, पदर सावरून म्हणली, "मामा, कालपासनं पोटात काय न्हाय तुमच्या. भाकरी खाऊन घ्या."

तिनं सांगितलं होतं, म्हणून खाल्ली.