शकूच्या नदीवर माझं नाव

तीर्थपुरीला जायचं मी एका फोनवर ठरवलं. तिथल्या शाळेतून हेडमास्तर बोलत होते, "बाई, तुमच्या चित्रावर नाव टाकलं. बघाया या."

चित्र माझं नव्हतंच. ते माझ्या मैत्रिणीचं, शकूचं. आम्ही दोघी त्याच शाळेत शिकवायचो. एका चैत्रात गोदाकाठी बसून तिने ते दृक्प्रत्ययवादी पद्धतीने काढलं: जवळून नुसते रंगाचे फटकारे, दहा पावलं मागे गेलं की करंजाची पोपटी पालवी आणि हलतं पाणी. सही करायची राहिली आणि शकू वारली. तिचं हे एकच चित्र उरलं. मुलांनी बघावं म्हणून मी शाळेला दिलं.

जालन्याहून पहिली बस पकडा, बसायला मिळतं. अंबडच्या स्टँडवर भजी खा. चहा मात्र निव्वळ पाक आहे. पुढे जीप. अकरा माणसं आणि एक बकरी भरल्यावर ड्रायव्हर मला म्हणतो, "सरका मावशी, अजून दोघं बसतेत." बकरीला कोणी सरकवलं नाही.

शाळेच्या ऑफिसात चित्र पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ऐन नदीवर लाल ऑइलपेंटात वीतभर अक्षरं: माझं नाव, खाली 'यांजकडून सप्रेम भेट'.

"हे काय केलंत?"

"देणाऱ्याचं नाव दिसाया नको का?" हेडमास्तर खुशीत. "पंख्यावर हाय, माठावर हाय."

"ही नदी आहे, माठ नाही!"

पेंटर रशीदचाचांना बोलावलं.

"पाणी रिकामंच दिसलं बाई, म्हणून तिथं लिवलं."

"पुसा."

त्यांनी बोटाने रंग चाचपला. "घासलं तं खालची नदीबी जाईल."

मी त्यांना दारापर्यंत मागे चालवत नेलं. "आता बघा."

चाचांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पाणी चालून राह्यलं की! अन् मी त्याच्यावर पाटी मारली."

त्यांनी डबे आणले. शकूचे रंग बघून बघून अक्षरांवर निळे-पांढरे ठिपके ठेवत गेले. चार ठिपके, की धावत दारापाशी. दुपार गेली. शेवटी मी त्यांना कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'चित्र: शकुंतला' लिहायला सांगितलं.

"पण भेट त्यांनी कुठं दिली?" हेडमास्तर.

"लिहा चाचा," मी म्हणाले.

घरी येऊन आठवडा झाला, राग उतरलेला नाही. तुम्ही गेलात तर दारातूनच बघा. तिथून नदी वाहते. जवळ जाऊन हात लावू नका. ठिपक्यांखाली माझं नाव अजून बोटांना लागतं.