अव्वाच्या नावाची मुरी

मी एका माशाला आईचं नाव दिलं आणि आईनं तो मासा तळ्यात सोडून दिला.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा नवाकोरा मास्तर. (नवाकोरा म्हणजे डोक्यात नुसती हवा!) सीनेकाठी एका भोयाच्या जाळ्यात बोटाएवढा मासा दिसला. तोंडाला मिशा, अंगावर काळे पट्टे. पट्टे मोजले तर अकरा! पुस्तकातल्या असल्या एकाही माशाला अकरा नव्हते.

"मामा, हा कुठला मासा?"

"मुरी हाय की. आमी भाजून खातो."

"अहो, ही वेगळी जात आहे!"

"आसंल. लागती सारकीच."

अडाण्याला काय कळतंय, असं म्हणून मी मुरी डब्यात घातली आणि पुण्याला मला शिकवलेल्या सरांना तार ठोकली : नवी जात सापडली, सोमवारी या.

आता ठेवायची कुठं? कॉलेजला सुट्टी, मासे टिकवायचं फॉर्मॅलिन कुलपात. आणि आमचं घर लिंगायताचं, अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरायला लावणारं! मी गुपचूप न्हाणीघरातल्या घंगाळात सोडली. पाचव्या मिनिटाला अव्वाची, म्हणजे आईची, हाक आली.

"बसू! शिवा शिवा! हे काय आणलंस रे?"

"अव्वा, ही मुरी जगात कुणी बघितलेली नाही. हिला तुझं नाव देणार मी. गंगव्वा!"

अव्वा विरघळली. तासाभरात सगळी गल्ली गंगव्वाच्या दर्शनाला! कुणीतरी घंगाळाला हळदकुंकूही लावलं. चार दिवस आम्ही सगळ्यांनी अंगणातल्या नळाखाली कुडकुडत आंघोळी केल्या.

आणि मी काय करत होतो? अव्वाचं नाव लॅटिनमध्ये कसं शोभेल, ते बावीस तऱ्हांनी वहीत लिहून बघत होतो. मुरीच्या मिशा मोजायच्या, डोळ्याखाली काटा आहे का बघायचं, जात ओळखायची ती त्यावरून. ते काय, उद्या बघू!

रविवारी भाकरी थापता थापता अव्वानं विचारलं, "सर आल्यावर हिचं काय करनार?"

"बाटलीत ठेवणार. औषधात. शंभर वर्षं टिकते."

"जित्ती?"

"छे! मारून."

अव्वानं पुढची भाकरी थापायला घेतली. मीही वहीत तेविसावी तऱ्हा लिहायला घेतली.

सोमवारी सकाळी सर भिंग घेऊन हजर. मी ऐटीत न्हाणीघराचं दार उघडलं. घंगाळ रिकामं, चिंचेनं घासून लखलखीत!

"अव्वा! मुरी कुठाय?"

"सोडली की. सिद्धेश्वराच्या तळ्यात. चुरमुरे बी टाकले."

मी सरांसमोर किंचाळलो, "अडाणी ती अडाणीच!"

अव्वा पदराला हात पुसत म्हणाली, "माज्या नावाची हाय म्हनलास. मग मारून बाटलीत कशी रं ठिवू देऊ?"

सरांनी शांतपणे वही मागितली. "मिशा किती होत्या?"

"सहा... आठही असतील."

"डोळ्याखाली काटा?"

"बघायचा राहिला."

"मग केलंत काय चार दिवस?"

"नाव ठरवलंय, सर!"

सरांनी भिंग खिशात घातलं आणि दुपारची गाडी धरली. मी अव्वाशी आठ दिवस अबोला धरला. ती मात्र दर सोमवारी तळ्यावर जायची, "गंगव्वा, खा गं बाई" म्हणत चुरमुरे टाकायची. त्या एका 'अडाणी'ची माफी मागायचीही मी उद्यावरच ठेवली. मिशांसारखीच तीही राहिली. अव्वा गेली. फार वाईट वाटतं.

आता सोमवारी चुरमुरे घेऊन मी जातो. मुरी तळाशी चिखलात राहते, चुरमुरे खायला वर येत नाही, हे तीस वर्षं मीच पोरांना शिकवलंय. तरी टाकतो. आणि खिशात भिंग ठेवतो. न जाणो, अव्वाच्या शब्दाला मान देऊन वर आलीच, तर निदान मिशा तरी मोजून घेईन म्हणतो!