घ्या आता श्वास, मावशी

माझ्या पोटात कॅन्सर नाही, हे ज्या माणसामुळं कळलं तो माणूस काल गेला.

रफीकभाई. क्रांती चौकाजवळच्या स्कॅन सेंटरमध्ये एमआरआय काढायचे.
आज सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. हार्ट अटॅक.

दोन वर्षांमागं सोनोग्राफीत माझ्या लिव्हरवर डाग दिसला. डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला.
फोटो सगळे हललेले आले.

डॉक्टर म्हणाले, यातून काही सांगता येत नाही. पुन्हा काढा. तरी नाही कळलं तर सुई घालून तुकडा काढावा लागेल.
त्या दिवशी आमचे हे जेवले नाहीत.

दुसऱ्या वेळी रफीकभाई ड्युटीवर होते. त्यांनी आधी मागचे फोटो बघितले. मग माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले.

"मावशी, मागच्या टायमाला आत काय करत होता?"

"नाम घेत होते. दत्ताचं."

खरंच घेत होते. ते मशीन ढोल बडवल्यासारखं वाजायचं, आणि मी घाबरून आणखी जोरात पुटपुटायची. रेकॉर्डिंगमधली बाई इंग्रजीत काय सांगत होती, मला मॅट्रिक पासला कळलंच नाही.

रफीकभाई हसले.
"देव आलाबी असंल, मावशी. पण फोटोत पोट नाचतंय ना तुमचं. मनात घ्या. मनातलं त्याला ऐकू येतं."

मग माझा हात माझ्याच पोटावर ठेवायला लावला. श्वास घ्या. सोडा. आता थांबा.
थांबल्यावर मनात नाम मोजायचं. अठरा झाले की पुरे.

पहिल्यांदा अकरालाच दम सुटला. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी रफीकभाई उठले नाहीत. अठरा होईपर्यंत बसवलं.

मी म्हणाले, सकाळपासून उपाशी आहे हो, म्हणून दम टिकत नाही.
तर म्हणाले, "एकादशी करणाऱ्या बाईनं असं बोलावं? माझा रोजा आहे. बघू कोण जास्त टिकतंय."

त्या दिवशी त्यांनी रेकॉर्डिंगची बाई बंद केली. माईकवरून स्वतः मराठीत सांगत होते.
श्वास सोडा. थांबा.
अठरा झाले की, "घ्या आता श्वास, मावशी."
किती वेळा म्हणाले असतील. एकदाही आवाज चढला नाही.

फोटो आरशासारखे आले.
रक्तवाहिन्यांची साधी गाठ. डॉक्टर म्हणाले, घरी जा, विसरून जा.

मी शिरा करून नेला. रोजा सोडताना खाईन म्हणाले. चार दिवसांनी गारखेड्याला आमच्या घरी स्वतः येऊन डबा परत दिला. घासलेला, आणि आत खजूर. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे त्यांच्याकडंही आहे.

आज त्याच डब्यात खिचडी घेऊन त्यांच्या घरी जाते. सुतकाच्या घरी चूल पेटत नसते.

सकाळी फोन ठेवला आणि श्वास सोडला तो तसाच थांबला.
नकळत नाम मोजायला लागले. अठरा झाले.
"घ्या आता" कोणी म्हणालं नाही.

रफीकभाई, तुमचा अल्ला तुम्हाला जवळ घेवो.
देवघरात बसून तुम्हाला नमस्कार केलाय. ओठ न हलवता, मनातल्या मनात.
पोचला असंल.