काठवटीवरची रशियन फुलं

शिरपूरला लेकीकडे राहून घरी आले, तर माझी पीठ मळायची काठवट भिंतीवर. बुद्धाच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलेली. आतून काळी कुळकुळीत, त्यावर लाल बोरं आणि सोनेरी पानं. कडेचा जुना तडा दिसला तेव्हा ओळखली.

"हे काय केलं व?"

"रशियन काम हाये, आत्याबाई," सून म्हणाली. "मस्त दिसते ना?"

सून वाशीमला एका बाईंकडे हे काम शिकते. रशियात लाकडाचे चमचे, वाट्या, डबे असे रंगवतात म्हणे. तिने घरातले चमचे रंगवले, मसाल्याचा डबा रंगवला, पोळपाट रंगवला. ते मी चालवून घेतलं. तिचा हात चांगला आहे. एका फटक्यात पान काढते, त्यावर पुन्हा कुंचला फिरवत नाही. पण पोळपाट दुकानात दुसरा मिळतो. ही काठवट एका लाकडातून कोरलेली. लग्न झाल्यापासून मी तिच्यात ज्वारीचं पीठ मळते. जड आहे म्हणून जागची हलत नाही. स्टीलची परात गरगर फिरते, आणि तिला धरून ठेवायचं बळ आता माझ्या मनगटात नाही. काठवट गेली की माझ्या हातची भाकर गेली. मग मी या घरात नुसती बसून खाणारी म्हातारी.

"तुमी कायले आता भाकरी करता? मी हावो ना," सून म्हणाली. "परवा वाशीमच्या एक मॅडम पाहाले येऊन राह्यल्या. त्यायले बैठकीत लावाची हाये. आवडली तं त्यायच्या मैत्रिणीबी मले काम देतीन."

"म्हणजे तू देऊन बसली."

"बसली नाही. बोलली फक्त."

मला पटवायला तिने मोबाइल आणला. त्यात रशियातली एक म्हातारी होती. डोक्याला रुमाल बांधून, रंगवलेल्या लाकडी वाटीतून, रंगवलेल्या चमच्याने काहीतरी गरम ओरपत होती.

"पाय," मी म्हटलं, "ते तं जेवून राह्यली!"

"त्यायचं अलग हाये. ते तेल चढवून भट्टीत पक्कं करतात. आपला डब्यातला रंग. यात खाता येत नाही."

इथे माझं डोकं फिरलं. ज्यांची ही कला, ते जेवायच्या भांड्यावर फुलं काढतात आणि त्यातच जेवतात. आमची बया त्यांचं बघून जेवायचं भांडं भिंतीला ठोकते!

मी काठवट खाली काढली, अंगणात बसले आणि बाटलीच्या फुटक्या काचेने खरवडायला लागले. सून रडायला लागली.

"काहून असं करता वो? किती दिवस घालवले मी त्यात!"

"मी जलम घालवला."

मुलगा शेतातून आला. "मा, काय करून राह्यली?"

"भांडं घासून राह्यली."

तो पाय धुवायला मोरीत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. दोघींच्या मध्ये पडायचं नसलं की त्याचे पाय फार मळतात.

लाल, सोनेरी निघालं. काळा रंग लाकडाच्या रेषांत मुरला तो राहिला. दोन दिवसांनी मॅडम आल्या, काठवट हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "अय्या, ही तर अशीच छान आहे! किती जुनी दिसते. अशीच द्या."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमच्या हातातून काठवट घेतली, चुलीपुढे ठेवली, पीठ ओतलं, गरम पाणी घातलं आणि मळायला बसले.

"बसा," मी म्हटलं. "भाकर खाऊन जा."

त्या बसल्या नाहीत. सून त्यांना फाट्यापर्यंत सोडून आली आणि ताटावर बसली. पहिल्याच घासाला तिने तोंड वाकडं केलं.

"रंगातल्या टर्पेंटाइनचा वास येते, आत्याबाई."

"तुह्याच हातचा हाये. खाय."

तिने ताट सरकवलं. मी माझी भाकर संपवली.